सात नंबरचं मशीन

माझं अक्षर चांगलं आहे. गेली सव्वीस वर्षं शाळेच्या दारातल्या फळ्यावरचा सुविचार माझ्याच हातचा असतो. त्यातला एकही आचरणात आणल्याचं आठवत नाही, पण वेलांटी कधी चुकली नाही. मी मराठी शिकवतो, आणि माझ्या वर्गात बसलेलं पोर आयुष्यात काही झालं नाही तरी समास मात्र सरळ आखतं. समासाला चिकटून ओळ सुरू करायची, हा माझा कायदा. ओळ आत सरकली की अर्धा गुण गेला. या कायद्यानं पुढे काय केलं, तेच सांगायला बसलोय.

दोन वर्षांपूर्वी शाळेतले संगणकाचे सर जूनमध्येच नोकरी सोडून पुण्याला गेले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

"तुमच्याकडे लॅपटॉप आहे म्हणे."

"मुलीच्या लग्नाचे फोटो बघायला घेतलाय, सर."

"झालं की मग. आठवी-नववीचं प्रोग्रॅमिंग तुम्ही घ्या."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"आम्हाला तरी कुठं कळतंय? भाषाच असते ती. लँग्वेजच म्हणतात की त्याला. तुम्ही भाषाच शिकवता." एवढं बोलून ते कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. मुख्याध्यापक कन्नडमध्ये पुटपुटले की चर्चा संपली असं समजायचं आणि आपल्याला ते कळलं नाही असं दाखवायचं, ही आमच्या स्टाफरूमची जुनी रीत.

पायथन नावाची भाषा शिकवायची होती. पायथन म्हणजे अजगर, एवढं मी त्याच दिवशी शब्दकोशात बघून ठेवलं आणि पहिल्या तासाला पोरांना सांगितलं. पोरं खूश झाली. त्या तासाला त्यांना आणि मला सारखंच येत होतं. असा तास मला पुन्हा मिळाला नाही.

संगणकाच्या खोलीत बारा मशीनं. त्यातली सात चालू, पाच झाकलेली. दाराबाहेर चपला काढायच्या, हातपाय पुसून आत जायचं. वर्गात पंचेचाळीस पोरं आणि खोली पंधरा दिवसांतून एकदाच मिळायची, त्यामुळे प्रोग्रॅमिंग बहुतेक वहीतच व्हायचं. मी फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचा, पोरांनी उतरवून घ्यायचा, मी वह्या तपासायच्या. म्हणजे विषय बदलला तरी माझं काही बदललं नव्हतं. मी अगदी रंगात आलो. इंग्रजी अक्षरंसुद्धा मी वळणदार काढतो.

सुरुवातीचे धडे सोपे होते. नाव विचारा, नाव छापा. दोन संख्या घ्या, बेरीज दाखवा. सगळं सरळ रेषेत चालायचं. मग पाढ्याचा प्रोग्रॅम आला. एकच काम दहा वेळा करून घ्यायचं असलं की वर एक ओळ लिहायची आणि तिच्याखाली ते काम. पुस्तकात ती खालची ओळ जरा आत सरकलेली होती. मी ते पाहिलं. पाहून वर्गात म्हणालो, "बघा, पुस्तकं छापणाऱ्यांनासुद्धा आजकाल समास कळत नाही." पोरं हसली. मी ती ओळ फळ्यावर ओढून समासाला नेऊन चिकटवली.

जाणकार वाचक इथंच कपाळाला हात लावतील. बाकीच्यांना सांगतो: या भाषेत ती आतली जागाच सगळं असते. कुठली ओळ कुणाच्या हाताखाली आहे, हे मशीनला त्या जागेवरूनच कळतं. जागा पुसली की प्रोग्रॅम मेला.

याहून लाजेची गोष्ट पुढे आहे. पोरं मशीनवर प्रोग्रॅम लिहायला बसली की वरची ओळ संपताच मशीन आपणहून चार घरं जागा सोडायचं. यंत्र बिचारं मला शिकवत होतं. आणि मी पोरांच्या मागे उभा राहून म्हणायचो, "जागा पुसा. मशीनला शिस्त नसली तरी आपल्याला आहे." पोरं ती जागा पुसायची. मग बटण दाबलं की मशीन चूक दाखवायचं. त्या इंग्रजी वाक्यातला नेमका महत्त्वाचा शब्द मला माहीत नव्हता, म्हणून मी तो वाचायचोच नाही. "व्होल्टेज कमी आहे," मी म्हणायचो. एकदा म्हणालो, "उन्हाळा आहे, तापलंय." सोलापुरात उन्हाळ्यावर काहीही ढकलता येतं. ऑक्टोबरातसुद्धा.

फक्त सात नंबरच्या मशीनवर प्रोग्रॅम चालायचा. तिथून पाढे यायचे, सम-विषम यायचं, सगळं यायचं. मी दुरूनच मान डोलवायचो. "ते मशीन चांगलं आहे," असं मी जाहीर करून टाकलं. झालं, सातसाठी रांग लागायला लागली. पोरं चपला काढता काढताच धावायची. शिपायानं ते मशीन फडक्यानं जास्त पुसायला सुरुवात केली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात तशी आम्ही मशीनांची केली. इतरांना झेंडूचं एकेक फूल, सातला हार. हार मीच घातला. फोटो आहे.

सातवर बसायची ती आठवीतली एक मुलगी. गाव तिकडचं तेलंगणातलं, घरात तेलुगू. वडील चादरीच्या कारखान्यात. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर घरं मोजून काढायचा आणि मग त्यावरून मागाला लावायच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, हे त्यांचं काम. मुलगी कमी बोलायची. बोलली की मात्र समोरच्याला आपण कमी बोलायला हवं होतं असं वाटायचं.

तिच्या वहीत आतली ओळ आतच असायची. मी लाल शाईनं बाण काढून ती बाहेर ओढायचो. पुढच्या खेपेला पुन्हा आत. एकदा मी तिला उभं केलं.

"समास कळत नाही का तुला?"

"कळतोय की, सर."

"मग ही ओळ आत का?"

"तशीच लागतीय, सर. पुस्तकात तशीच हाय."

"पुस्तक चुकलंय. तुझ्या मशीनवर बाकीच्या तिघी बसतात, त्यांच्या वह्या बघ. कशा नीट आहेत."

तिघी खाली बघायला लागल्या. त्यांची युक्ती मला नंतर कळली. वहीत सरांचं लिहायचं, मशीनवर तिचं. ही पोरं पुढे कुठल्याही कचेरीत सुखानं नोकरी करतील. तिला मात्र ते जमेना. "वहीत एक आणि मशीनवर एक कसं लिहायचं, सर?" असं तिनं विचारलं. तिला उलट बोलल्याबद्दल मी बसवलं.

डिसेंबरात एक पत्र आलं. शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जिल्ह्यातल्या शाळांची प्रोग्रॅमिंगची स्पर्धा होती. प्रत्येक शाळेतून एक विद्यार्थी. पहिल्या दहांना मे महिन्यात तिथंच आठवडाभराचं शिबिर. पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, शिबिरात प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळेल. ती मुलगी उठून उभी राहिली. तिनं आपणहून उभं राहायची ही पहिलीच वेळ.

"सर, एकाला एक मशीन?"

"हो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"म्हणजे कुणी सरक म्हणणार न्हाय."

वर्ग हसला. ती हसली नाही, खाली बसली. पुढच्या चार दिवसांत तिनं मला तीनदा विचारलं, निवड कशी करणार. घरी संगणक नव्हता, वडिलांचा फोन संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्यावर धाकटा भाऊ बसायचा. मी सांगितलं, लेखी परीक्षा, वीस गुण.

लेखी परीक्षा झाली. तिला अकरा पडले. सोळा ओळी आत होत्या, आठ गुण तिथंच गेले. खाली मी शेरा मारला: नीटनेटकेपणाचा अभाव. समास पाळावा. वीसपैकी वीस पडले शाळा समितीच्या एका सदस्यांच्या मुलाला. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि पोराचं अक्षर काय सांगू, मोत्याचा सर. मुख्याध्यापकांनी त्याचं नाव कॉलेजला कळवलं. समितीचं आणि गुणांचं इतकं एकमत क्वचितच होतं, त्यामुळे त्यांनाही बरं वाटलं.

त्या मुलाचा सराव घ्यायचा ठरलं. शाळा सुटल्यावर त्याला घेऊन खोलीत गेलो. मी म्हणालो, "सातवर बस." सातवर ती बसलेली होती, शिपायाला विचारून रोज अर्धा तास बसायची. मी तिला म्हणालो, "सरक गं जरा."

ती उठली. वही घेतली, चपला घातल्या, गेली. मला काही जाणवलं नाही. हे लिहिताना जाणवतंय, आणि त्याचा आता कुणाला उपयोग नाही.

मुलानं माझ्या पद्धतीनं सुरेख प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं. चूक. पुन्हा लिहिला. चूक. सातवरसुद्धा चालेना म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं. शिपाई म्हणाला, "नजर लागली असंल." मला ते पटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. मोडनिंबहून आलेला, चोविशीतला तरुण, खांद्याला पिशवी. त्यानं पिशवी उघडलीच नाही. पडद्याकडे एकदा बघितलं.

"सर, मशीनला काय बी झालेलं न्हाय."

"मग चालत का नाही?"

"चालंल कसं? ही ओळ आत पायजे. हितं भिताडाला चिकटवून ठेवलीय." त्यानं एक बटण दाबून ओळ आत ढकलली, आणि पडद्यावर सातचा पाढा सत्तरपर्यंत खाली उतरला.

"पण बाकीच्या मशीनांवर..."

"बाकीच्यांवर बी तेच असणार की. चला बघू." एकेक मशीन लावून त्यानं प्रत्येकावर ती ओळ आत ढकलली. सगळीकडून पाढा आला. झाकलेल्या पाचांपैकी एकावरसुद्धा आला. मग त्यानं त्या मुलाला विचारलं, "भावा, तुला हे कुणी शिकवलं?"

मुलगा पंख्याकडे बघत राहिला. मोठ्यांना उघडं पाडायचं नाही, हे त्याच्यावरचे संस्कार. मराठीच्या तासाला मीच केलेले.

मेकॅनिकच्या पावतीवर एक रकाना होता, दोष कुठे आढळला. तिथं त्यानं लिहिलं: वापरणाऱ्यात. अक्षर गचाळ होतं, पण लगेच वाचता आलं.

आता ही गोष्ट तिघांनाच माहीत होती. मेकॅनिक मोडनिंबला जाणार, मुलगा बोलणार नाही, आणि मी तर मीच. स्पर्धेला बारा दिवस होते. मुलाला हळूच खरं शिकवायचं, सगळं झाकलं जाईल, असा बेत मी घरी जाता जाता पक्का केला. तो रविवार दुपारपर्यंत टिकलासुद्धा. दुपारी जेवून मी पेपरांचा गठ्ठा काढला, सहज, म्हणून स्वतःलाच सांगितलं. तिचा पेपर पुन्हा तपासला. अकराचे एकोणीस झाले. मुलाचा तपासला. वीसचे सहा. मग मी माझा शेरा वाचला. नीटनेटकेपणाचा अभाव. सोळा लाल बाण होते त्या पेपरात, सोळाच्या सोळा बरोबर ओळींना चुकीकडे ओढणारे. बाणसुद्धा काय रेखीव काढलेत, असा विचार मनात आला. माणसाची खोड जात नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांना सांगितलं, नाव बदलायचं आहे.

"नाव गेलं वरती. आणि समितीचे सदस्य? त्यांना काय सांगू?"

"काहीतरी कारण सांगू."

"सांगू नका, लिहून द्या. तुमच्या सहीनं."

मी अर्ज लिहिला: काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव निवडीत फेरबदल करणे क्रमप्राप्त झाले आहे. त्यांनी वाचून परत दिला. "कसलं तांत्रिक? मशीन बिघडलं का?"

"नाही. तेवढंच धड आहे."

दुसरा लिहिला: मूल्यमापनात अनवधानाने किंचित तफावत राहून गेली.

"अनवधान किती दिवस होतं?"

"जुलैपासून."

"मग किंचित काढा."

तिसऱ्यांदा मी तीन वाक्यं लिहिली. मला हा विषय येत नव्हता. ज्या विद्यार्थिनीनं बरोबर लिहिलं, तिचे गुण मी चूक समजून कापले. स्पर्धेला तिला पाठवावं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "चोवीस वर्षांत तुमचा अर्ज पहिल्यांदाच एका वाचनात कळला," म्हणाले. मग कन्नडमध्ये बराच वेळ पुटपुटले. या वेळी मला खरंच कळलं नाही, आणि बरं झालं.

समितीचे सदस्य रागावतील म्हणून मी दोन दिवस नवी पेठेतून जायचं टाळलं, उगाच वळसा घालून गेलो. तो मुलगाच येऊन म्हणाला, "सर, बरं झालं. त्या दिवशी माझी कबड्डीची मॅच आहे. पप्पांना सांगायचं धाडस होत नव्हतं." माझ्या नैतिक धैर्याची एवढी किंमत.

वर्गात सांगणं राहिलं होतं. उभा राहिलो आणि सांगून टाकलं की जुलैपासून मी चुकीचं शिकवलं, आतली ओळ आतच हवी, मशीनं सगळी चांगली आहेत. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आमाला म्हाईत होतं, सर."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपास्नं."

"मग बोलला का नाही?"

"तुमी अर्धा गुण कापताय की."

मी त्या मुलीकडे वळलो. "तुझे एकोणीस गुण झालेत. स्पर्धेला तुझं नाव दिलंय."

ती आभार मानेल, निदान हसेल, असं मला वाटलं होतं. हे कबूल करतो.

"आणि बाकीच्यांचे, सर?"

"बाकीच्यांचे काय?"

"त्यांचे पण चुकलेच असतील की. पुन्हा तपासायला पायजेत."

पंचेचाळीसांपैकी चव्वेचाळीस पोरांनी तिच्याकडे असं बघितलं की मला तिची काळजी वाटली. "सर, राहू द्या की," पुढचा बाक म्हणाला. "तिला जाऊ द्या, आमचे गुण असू द्या." मी म्हणालो तपासणार. तपासले. वर्गातले निम्मे नापास झाले आणि तिच्याशी चार दिवस कुणी बोललं नाही. माझ्याशी मात्र सगळे बोलत होते. चुकीचं शिकवणाऱ्यावर पोरांचा राग नसतो, बरोबर मोजणाऱ्यावर असतो.

स्पर्धेपर्यंत उरलेल्या दिवसांत मी तिला काही शिकवलं असं म्हणण्यात अर्थ नाही. शाळा सुटल्यावर ती मशीनवर बसायची, मी शेजारी. मला नाही कळलं तर ती पुन्हा सांगायची. पुन्हा कळलं नाही की चौकटीचा कागद घ्यायची. "हे बघा सर, चादरीवर मोर काढताना मोकळी घरं पण मोजतात. नाही मोजली तर मान वाकडी येते. एवढंच हाय." मी मान हलवायचो. आठवीतल्या मुलीसमोर मान हलवताना शिक्षकाला कसं वाटतं, ते मान हलवणाऱ्या पोरांना कसं वाटतं तसंच असतं. खरं कळलंय की नाही, हे समोरच्याला लगेच समजतं.

स्पर्धेला मी घेऊन गेलो. शिक्षकांना बाहेर बसवलं होतं. तीन तासांनी ती आली.

"कसं गेलं?"

"पाचातले चार झाले. एक सुटला न्हाय. मला तो प्रकार माहीतच नव्हता, आपल्यात झालाच नाही."

'आपल्यात' हा शब्द तिनं उदारपणे वापरला होता. तो प्रकार पुस्तकाच्या सातव्या धड्यात होता. तिथवर आम्ही पोचलो नव्हतो, कारण मी तिसऱ्या धड्याचं अक्षर सुधारत बसलो होतो.

आठ दिवसांनी यादी लागली. ती नववी आली होती. दहात. पाचवा सुटला असता तर कितवी आली असती, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

शिबिराचा फॉर्म भरायला ती स्टाफरूममध्ये आली. माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून लिहायला लागली. शाळेचं नाव, इयत्ता, वडिलांचा फोन. मी पेपर तपासत असल्यासारखा बसलो होतो. थोड्या वेळानं पेन थांबलं. वर न बघता तिनं विचारलं, "सर, मार्गदर्शक शिक्षक असं लिहिलंय. हितं काय लिहू?"

स्टाफरूममध्ये दोन-तीन जण होते. सगळ्यांनी चहा पिणं थांबवलं.

"तुला काय वाटतं?" मी म्हणालो.

टोमणा मारायचा म्हणून तिनं विचारलं नव्हतं. तिला खरंच प्रश्न पडला होता, आणि तिनं खरंच विचार केला. बराच वेळ केला. एवढा वेळ कुणी माझ्या शिकवण्याचा विचार केल्याचं मला आठवत नाही. मग तिनं माझं नाव लिहिलं, सावकाश, रकान्यात मावेल असं.

"कुणाचं तरी नाव लागतंयच की, सर," ती म्हणाली आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.